आजोबाचा आवाज कंपनीचा

रेडिओवरच्या त्या दोघांना ऐकणाऱ्यांचा निरोप घेऊ दिला नाही, याचा राग माझ्यापेक्षा माझ्या बायकोला जास्त आला होता. मी त्याच बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन होतो, तिथला पगार खात होतो. मला राग यायची सोय नव्हती. ती घरी कॉटवर पडून होती आणि तिच्या रागाला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता ती नाही. पाच महिने झाले. तिच्याबद्दल लिहायला बसलो की रडगाणं होतं, आणि रडगाणं तिला आवडायचं नाही. म्हणून त्या दोघांबद्दल लिहितो. ती त्यात येईलच, न बोलावता यायची सवय होती तिला.

मी पेठ तालुक्यातला, चौथी शिकलेला. सातपूरला कारखान्यात तीस वर्षं पत्रा कापला. रिटायर झालो आणि घरात बसून बायकोच्या पायात यायला लागलो. भाजीत मीठ किती टाकते, दूध कधी तापवते, सगळ्यात माझं नाक. महिनाभर तिनं सोसलं, मग म्हणाली, "कुठंतरी जाऊन बसा. पण पगारी बसा." म्हणून कॉलेज रोडजवळच्या त्या बिल्डिंगच्या गेटवर बसलो. तिसऱ्या मजल्यावर रेडिओ स्टेशन होतं. गाण्यापेक्षा बोलणंच जास्त. सकाळी सात ते अकरा ही दोघं बोलायची.

तो उंच, काडीसारखा, हरसूलकडचा. पस्तिशीचा असेल. पण रेडिओवर तो पंचाहत्तरीचा म्हातारा व्हायचा. गावाकडून नातवाच्या फ्लॅटवर राहायला आलेला आजोबा. ती बुटकी, गोल चेहऱ्याची, नाशिकातच वाढलेली. रेडिओवर ती सोसायटीची चेअरमनबाई. शिंकलं तरी नोटीस काढणारी. आजोबा गच्चीवर नागलीचे पापड वाळत घालायचा, ही नोटीस लावायची. तो विचारायचा, "कागद कशानं चिकटवला बाई? खळीनं? मग राहू दे, त्याच्यावरच पापड घालतो." एकदा त्यानं लिफ्टमधे कोंबडी बसवली. चेअरमनबाई किंचाळली तर म्हणतो, "आजारी हाय ती. तिला जिना चढवत नाय."

त्या दिवशी आमच्या घरी दोन भाकऱ्या करपल्या. मसाल्याच्या डब्याशेजारी फळीवर रेडिओ असायचा. बायको हसत हसत खाली बसली आणि तवा तसाच राहिला. ती नामपूरची. इतकी वर्षं नाशकात काढली तरी रागात आणि हसण्यात तिचं माहेर बाहेर यायचं, 'आहे'चं 'शे' व्हायचं. "काय माणूस शे हा!" म्हणाली आणि करपलेली भाकरी माझ्या ताटात टाकली.

मी सांगितलं की तो पोरगा पहाटेच घरातून निघतो, खाऊन येत नाही, तेव्हापासून माझ्या डब्यात चार भाकऱ्या जास्त यायला लागल्या. अकरा वाजता ती दोघं खाली यायची, माझ्या केबिनमधे शिरायची. केबिन म्हणजे काय, एक टेबल, एक स्टूल. मी उभा राहायचो.

"काका, मावशीला सांगा, ठेचा आज घाबरलेला होता."

मी घरी जाऊन सांगायचो. बायको म्हणायची, "त्याला म्हणा, उद्या बघतेच तुला." दुसऱ्या दिवशी तो नाकातून पाणी गाळत खायचा आणि ती बुटकी त्याच्या पाठीवर थापा मारायची. मग एके दिवशी तो रेडिओवरच म्हणाला, "आमच्या मावशीचा ठेचा खाल्ला की माणूस खोटं बोलूच शकत नाय. एक घास मंत्र्याला द्यायला पायजे." बायकोनं सगळ्या गल्लीला सांगितलं. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाही सांगितलं.

लोक त्यांना नवरा-बायको समजायचे. माझी बायकोसुद्धा. पहिल्यांदा भेटली तेव्हा त्या बाईला बाजूला घेऊन म्हणाली, "रेडिओवर भांडतेस ते ठीक, घरी सांभाळून घे हो. भोळा आहे." ती म्हणाली, "मावशी, माझा नवरा वेगळा आहे. त्याच्याशी भांडायला वेळच मिळत नाही, सगळं याच्यावर खर्च होतं."

कंपनीचं मन कधी फिरलं ते मला सांगता येणार नाही. कंपनी मुंबईची. सहा शहरांत तिची स्टेशनं. आधी चौकातल्या बोर्डावरून या दोघांचे फोटो गेले. मग एक छापील कागद आला. त्यात आजोबानं कोणते शब्द बोलायचे नाहीत ते लिहिलं होतं. लय, नाय, हाय. जाहिरातवाल्यांचं म्हणणं असं की 'लय' म्हणणारा माणूस गाडी घेत नाही. मी म्हणालो, नामपूरच्या कांदा मार्केटात जाऊन बघा म्हणावं, 'लय' म्हणणारे काय काय घेतात. पण मला कोण विचारतो.

बुटकीनं तो कागद केबिनमधे वाचून दाखवला. "आता आजोबांनी 'अतिशय' म्हणायचं."

तो उभा राहिला, घसा साफ केला. "अतिशय आजारी कोंबडी आहे."

आम्ही तिघं इतके हसलो की वरून शिपाई बघायला आला. पुढचे पंधरा दिवस रेडिओवर आजोबा चेअरमनबाईकडे शुद्ध बोलायच्या क्लासला जात होता. लोकांचे फोन थांबेनात. मुंबईवाल्यांना कळलंच नाही की थट्टा त्यांची चाललीय. हाच त्या दोघांचा घोळ होता, असं मला आता वाटतं. जे काही अंगावर यायचं त्याचं ती हसं करायची. त्यामुळं त्यांना लागतं, दुखतं, असं वरच्या लोकांना वाटलंच नाही.

मग ते द्राक्षाचं. एका मोबाइलच्या दुकानाचं उद्घाटन होतं, भर उन्हाळ्यात. कंपनीनं त्याला द्राक्षाचा घड केला. अंगाला हिरवे फुगे बांधले, डोक्यावर पुठ्ठ्याचं पान, आणि दुकानासमोर उभा केला. बुटकीच्या हातात कर्णा. चार तास. कुणी पाणी विचारलं नाही. उन्हानं फुगे फुटायला लागले, उरलेले पोरांनी टाचण्या लावून फोडले. दुपारी तो गेटवर आला तेव्हा अंगावर सहा-सात फुगे असतील. माझा पाण्याचा सगळा जग रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "काका, सकाळी द्राक्ष होतो. आता बेदाणा झालो."

मी हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, ती हसली नाही. म्हणाली, "त्या पोराला आई शे का?"

त्याच सुमारास तिच्या किडन्यांनी हात टेकले. आठवड्यातून दोनदा मशीनवर न्यायचो. सोमवार आणि गुरुवार, त्या दिवशी ड्युटी दुपारची घ्यायचो. तिथंही कानात वायर घालून ती ह्या दोघांना ऐकायची. हसली की हात हलायचा, सुया हलायच्या, नर्स ओरडायची, "मावशी, हसू नका!" बायको म्हणायची, "मी कुठं हसते, तो हसवतो. त्याला ओरड." पण चार तासांचा कार्यक्रम दोन तासांवर आणला तेव्हा तिचं मशीन अर्धं कोरडं जायला लागलं. नऊनंतर ती नुसती छताकडं बघत बसायची. मला तिथं बसून तिला हसवता येत नव्हतं. मी प्रयत्न केला, ती म्हणाली, "तुम्ही राहू द्या."

एके दिवशी त्यानं डब्यातली भाकरी अर्धीच खाल्ली. विचारलं तर म्हणाला, "काका, करारात लिहिलंय की आजोबाचा आवाज कंपनीचा. हिच्या चेअरमनबाईचाही. इथून निघालो तर सहा महिने पब्लिकमधे कुठं काढायचा नाही."

"आवाज कसा कंपनीचा? गळा तुझा आहे ना?"

"गळा माझा. आवाज माझ्या सख्ख्या आज्याचा. हरसूलच्या बाजारात बैलाचा भाव करताना तो असाच बोलायचा. आता तो कंपनीचा झाला, वारल्यावर."

"मग सही का केलीस? शिकलेला ना रे तू?"

"म्हणूनच वाचलं नाही. तुमच्यासारखा माणूस सही करायच्या आधी चार जणांना विचारतो. मला वाटलं, मला काय विचारायचंय."

एका शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनचा मॅनेजर माझ्या केबिनमधे आला. तो इंदूरकडचा, तरुण, वाईट नव्हता. माझ्या टेबलाचा रंग नखानं खरवडत राहिला.

"काका, उद्या ते दोघं खाली आले की त्यांची कार्डं घेऊन ठेवा. सोमवारपासून वर सोडायचं नाही."

"त्यांना सांगितलं का?"

"आत्ताच सांगितलं. सोमवारपासून सगळ्या शहरांना एकच कार्यक्रम, मुंबईतून. पण उद्या रेडिओवर यांनी त्याबद्दल काही बोलायचं नाही. निरोप वगैरे काही नाही. वरचा हुकूम आहे. लोक मग उगाच फोन करतात."

"इतकी वर्षं बोलले ते. एकदा येतो असं सांगायचंही नाही?"

"काका, मी काचेच्या पलीकडे उभा राहणार आहे, आवाज तोडायच्या बटणावर बोट ठेवून. मला काय हौस आहे का?"

त्या संध्याकाळी बायकोला काही सांगितलं नाही. तिनं माझं तोंड बघितलं. "काय झालं?"

"दाढ दुखतीय."

तिनं मला लवंग काढायला लावली आणि दाढेखाली धरून बसायला सांगितली. दाढ ठणठणीत, आणि मी तासभर लवंग धरून बसलो.

शनिवारी केबिनमधे रेडिओ लावला. दोघं रोजच्यासारखी बोलली. कोंबडी आली, नोटीस आली, पार्किंगवरून भांडण झालं. मला वाटलं, सोन्यासारखी माणसं, गुपचूप निघून चालली. कार्यक्रम संपताना तो रोज आजोबाच्या आवाजात म्हणायचा, "येतो बरं का मंडळी." आणि चेअरमनबाई म्हणायची, "या, पण पायपुसण्याला पाय पुसून." त्या दिवशी तो म्हणाला,

"बरं मंडळी. जातो आम्ही."

बाई म्हणाली, "हो. जातो." आणि गाणं लागलं.

आपल्याकडं घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. औषध आणायला कोपऱ्यावर निघाला तरी 'येतो' म्हणतो. लहानपणी 'जातो' म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालायची आणि परत आत बोलावून 'येतो' म्हणायला लावायची. मॅनेजरला हे कुठून कळणार? त्याच्याकडं 'चलता हूँ' म्हटलं की झालं. बोट बटणावर तसंच राहिलं आणि निरोप त्याच्या बोटाखालून निघून गेला.

गाणं संपायच्या आत माझा मोबाइल वाजला. बायको.

"अहो, तो जातो म्हणला."

"चुकून म्हणला असंल."

"चुकून? बोलून पोट भरतो तो. आणि तीपण म्हणली. दोघांची जीभ एकाच वेळी घसरली का?"

मी केबिनमधला रेडिओ बारीक केला.

"तुमची दाढ दुखत नव्हती ना?"

मग सांगितलं. सगळं.  

"त्यांना घरी घेऊन या."

"अगं, ड्युटी आहे माझी."

"गेट काय पळून जाईल? हातावर दही न ठेवता परक्यालासुद्धा दाराबाहेर काढत नाय आपण. घेऊन या म्हणते ना."

ती दोघं जिन्यानं खाली आली, लिफ्टनं नाही. मी हात पुढं केला. त्यानं गळ्यातलं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. तिच्या कार्डाच्या पट्टीत केस अडकले होते, ते तिनं ओढून तोडले. मी दोन्ही कार्डं टेबलाच्या खणात टाकली आणि म्हणालो, "चला, घरी बोलावलंय."

"कुणी?"

"मावशीनं. ती म्हणाली, तो जातो म्हणला."

तो पायरीवर खाली बसला. "कळलं? मावशीला कळलं?" एवढंच दोनदा विचारलं आणि उंच माणूस गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. बुटकी उभीच होती. ती म्हणाली, "ऊठ. लोक बघतायत. आपल्याला फुकट रडायची सवय नाही."

शेजारच्या झेरॉक्सवाल्याला गेटकडं बघायला सांगितलं आणि रिक्षा केली.

बायको भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीनं तिला चांगलं लुगडं नेसवलं होतं. आल्याआल्या तिनं त्याला झापलं.

"जातो म्हणतोस व्हय रे? जिवंत माणसांना असं सांगतात?"

"मावशी, दुसरं काही सांगू देत नव्हते."

"मग इथं सांग. इथं कुणाचं बोट नाय बटणावर."

तो माझ्याकडं बघायला लागला. "मावशी, आजोबाचा आवाज कंपनीचा आहे. पब्लिकमधे काढायचा नाही."

"मी पब्लिक शे का?"

मग आमच्या कॉटसमोर, फरशीवर बसून, आजोबा गावाला परत निघाला. चेअरमनबाईनं त्याला अडवलं. सोसायटी सोडायची तर आधी अर्ज, अर्जाला तीन प्रती, लिफ्टमधल्या पिसांचा खुलासा वेगळ्या कागदावर. आजोबा म्हणाला, "अर्ज कोंबडी लिहून देईल. तिची अक्षरं माझ्यापेक्षा बरी हायेत."

"कोंबडी घेऊन जा तुमची!"

"नाय बाई. ती राहू दे तुमच्याकडं. तिला सवय झाली तुमच्या ओरडण्याची. गावाकडं शांततेत अंडं देणार नाय ती."

बायको हसायला लागली. सुया टोचायचा हात दुसऱ्या हातानं धरून हसत होती. दारात शेजारपाजारची माणसं जमली. खालचा इस्त्रीवाला आला. आजोबा एकेकाला नमस्कार करत सुटला, जे समोर होते त्यांना आणि जे नव्हते त्यांनाही. रोज सकाळी बस चालवताना ऐकणाऱ्या ड्रायव्हरला, पोळ्या लाटणाऱ्या बायांना, दवाखान्यात मशीनवर बसणाऱ्यांना. कसलं काही लिहून आणलेलं नव्हतं. चेअरमनबाई मधेच आजोबाला काही बोलायला गेली आणि तिच्या तोंडून चेअरमनबाईऐवजी तिचा स्वतःचाच आवाज आला, बारीक, फाटलेला. "आजोबा, चुकलं असेल तर पोटात घाला हो." मग कुणीच हसलं नाही.

बायकोनं मला वाटी आणायला लावली. डॉक्टरनं तिला दही बंद केलं होतं, पण माझ्यासाठी विरजण लागायचं. तिनं स्वतःच्या हातानं दोघांच्या तळव्यावर दही ठेवलं. अर्धं लुगड्यावर सांडलं.

"चाटा. आणि आता नीट बोल."

"येतो, मावशी."

"ये."

सोमवारी मॅनेजरनं मला गेट सोडल्याबद्दल विचारलं आणि स्वतःच म्हणाला, "जाऊ द्या काका, एकदा माफ." मी म्हणालो, माफ नको, आणि माझं कार्ड खणात त्या दोन कार्डांवर टाकून घरी आलो. बायको म्हणाली, "आता परत माझ्या भाजीत नाक."

मुंबईचा नवा कार्यक्रम आम्ही तीन दिवस ऐकला. एक माणूस सहा शहरांशी बोलायचा आणि मधे 'नाशिक' एवढा शब्द चिकटवलेला असायचा, वेगळ्या तोंडानं बोलल्यासारखा. 'नाशिक, मस्त पाऊस पडतोय ना?' म्हणाला तेव्हा आमच्या दारात पापड वाळत होते. त्यांनी आजोबाही नवा आणला होता. तो कोंबडीला चिकन म्हणायचा. "जितीला कुणी चिकन म्हणतं का?" बायको म्हणाली आणि तिनं रेडिओ बंद केला.

ती दोघं मात्र येत राहिली. बहुतेक रविवारी. तो आता लग्नांत माइकवर बोलतो, ती क्लासमधे मुलांना शिकवते. आली की बायको त्यांना जेवायला घालायची, म्हणजे मी घालायचो आणि ती कॉटवरून हुकूम द्यायची. आजोबा यायचा, चेअरमनबाई यायची, आणि बायको दोन तास दुखणं विसरायची. हिवाळ्याच्या तोंडाला ती गेली. सकाळी, झोपेत. खांदा द्यायला तो होता. उंच असल्यानं त्याची बाजू वर जायची म्हणून तो वाकून चालला, अख्खी वाट.

तेराव्याला घर भरलेलं होतं. पंगत बसली पण कुणी बोलेना. नुसता पळीचा आवाज. आमची मुलगी सासरहून आली होती, ती पंगतीला वाढत होती, डोळे सुजलेले. मला आग्रह करून बसवलं होतं, पण घास उतरत नव्हता. ताटाकडं बघत बसलो होतो. तेवढ्यात समोरच्या रांगेतून आवाज आला,

"अहो, बघत काय बसलात? ताट काय तुम्हाला खाणार शे का?"

तिचाच. तस्साच. सगळ्यांचे हात थांबले. मुलीच्या हातातली वाटी खाली पडली. मी वर बघितलं तर तो उंच पोरगा, तोंडाला हात लावून, पांढराफटक पडला होता. त्याच्या शेजारी बुटकीनं डोळे मिटून घेतले होते.

"कुणाला विचारून काढलास तो आवाज?" मी ओरडलो.

"चुकलं काका. तुम्ही जेवत नव्हतात, तोंडातून निघालं. परत नाही काढणार."

मी ताट जवळ ओढलं.

"चुकलं ते एवढंच, की 'अहो' जरा लांब म्हणायची ती," मी म्हणालो. "पुन्हा म्हण."

त्यानं पुन्हा म्हटलं, लांब. मी जेवलो.